बर्फातला चार बोटांचा पाय

१

"पैज लावतो, यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. एक माणूस पकडला गेला, तो न पडलेल्या सावलीमुळं! ती सावली पडायला हवी होती हिमालयाच्या बर्फावर, आणि नाही पडली हे ओळखलं इथं थळात बसून, ज्यानं जन्मात बर्फाचा खडा पाहिला नव्हता अशा माणसानं."

म्हातारा ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. पायांवर घोंगडी. ऐन उन्हाळ्यातही ती निघायची नाही, विचारलं तर म्हणायचा, "पायांतला गारठा अजून गेला न्हाय." उन्हात घरी जायचा कंटाळा आलेले चार-सहा शेजारी समोर पसरले होते. उंबऱ्याशी त्याची म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. ही गोष्ट तिनं शंभरदा ऐकली होती आणि शंभरदा खाली मान घालून खडेच वेचले होते. सूप हललं की हातातल्या बांगड्या वाजत, तेवढाच तिचा आवाज.

"तिच्याकडं बघू नका, इकडं ऐका," म्हातारा म्हणाला, आणि सुरू झाला.

सन पस्तीस. थळच्या उत्तरेला, खाडी वळते तिथं एक लहानसं मिठागर होतं. त्यावर नजर ठेवायला मीठचौकीचा जमादार होता धर्माजी. काखेत छत्री, नाकात केसांचं रान, आणि जिभेवर अशी विद्या की मिठाचा खडा ठेवला की तो पाणी आटवायच्या कुठल्या कोंडीतला आणि कुठल्या आठवड्यातला हे सांगून मोकळा. एकदा म्हणे त्यानं जावयाच्या घरची आमटी चाखली, मीठ चोरीचं आहे हे ओळखलं, आणि जावयाला उष्ट्या हातानं चौकीवर नेऊन बसवला.

वैशाख सरत आला होता. एका सकाळी धर्माजी मिठाच्या राशींमधून फिरता फिरता तिसऱ्या राशीपाशी थबकला. रास खचली नव्हती. उलट कुणीतरी ती नीट थापून ठेवली होती, नको इतकी नीट. मिठागरावरची माणसं रास थापतात ती फळीच्या पाठीनं, वरून खाली. ही थापली होती हातानं. बोटांचे वळ दिसत होते.

त्यानं मूठभर मीठ उचललं. मिठात काड्या होत्या. बारीक, हिरव्या, सुईसारख्या.

सुरूच्या.

सुरूची झाडं होती ती मिठागराच्या पलीकडं, मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यामागं, चांगली दोनशे पावलं लांब. आणि वारा तर महिनाभर समुद्राकडून झाडांकडं वाहत होता. काड्या वाऱ्याच्या तोंडावर चालत आल्या नसणार. म्हणजे मीठच झाडांपाशी गेलं होतं, आणि परत आलं होतं.

'मीठ चोरणारे पुष्कळ पाहिले,' धर्माजी मनाशी म्हणाला. 'चोरून परत आणून ठेवणारा हा पहिलाच.'

तेवढ्यात आगऱ्यांच्या पाड्यावरून बायकांचा आक्रोश ऐकू आला.

२

धर्माजी पोहोचला तेव्हा येसूबाईच्या अंगणात सगळा पाडा जमला होता. बायका रडत होत्या. मधोमध येसूबाई बसली होती आणि तीच तेवढी रडत नव्हती. समोर खुर्चीवर त्या बंगल्याचा शिवदासशेठ. रेशमी रुमालानं डोळे टिपत होता.

हा शेठ मुंबईचा कापडवाला. वडिलांचं दुकान, याला नाद फोटोचा. तिपाईवरचा मोठा कॅमेरा, काळं फडकं, फोटो उमटवायच्या काचांच्या पेट्या. मार्गशीर्षात त्यानं टूम काढली की कुलूच्या बर्फातल्या जंगलात जाऊन, तंबू ठोकून फोटो काढायचे; हिंदुस्थानात कुणी काढले नसतील असे. ओझं उचलायला, चूल पेटवायला माणूस हवा होता. येसूबाईचा नवरा हिरामण मिठाच्या दोन पाट्या एकावर एक ठेवून डोक्यावरून न्यायचा. शेठनं त्यालाच नेला.

आज शेठ परत आला होता. एकटा.

"शुं कहूं, काय सांगू, भाई," शेठ सांगत होता. "बहु दिवस आजारी होतो, तिकडेच एका दवाखान्यात. कालच आलो. त्या जंगलात काय बर्फ! देवदारच्या फांद्या लोंबून जमिनीला लागलेल्या. आवाज नाही, पाखरू नाही. कॅमेऱ्याच्या पितळेला बोट लागलं तर चामडी चिकटून निघायची. हिरामण बर्फ वितळवून चहा करायचा. लाकडाच्या खुंट्या भुसभुशीत बर्फात धरत नव्हत्या, तर त्यानं काय केलं? घरून सुके बोंबील आणले होते, ते ठोकले! माझ्या तंबूला, आमच्या शाकाहारी माणसाच्या तंबूला, मासळीच्या खुंट्या!"

रडता रडता दोघी-तिघी हसल्या. तो हिरामणच वाटत होता त्यांना.

(बोंबलांचं मात्र खरं हाय, म्हातारा मध्येच म्हणाला. थंडीनं असे कडक झाले होते की त्यांच्यावर दगड फुटायचा.)

"मग पौषात एका सकाळी वरून हिमाचा लोंढा आला," शेठचा आवाज उतरला. "मी उकरत होतो, उकरत होतो. बरोबर बारा वाजता सापडला. मरायच्या आधी थंडीनं माणसाला उलटं उकडतं म्हणतात; त्यानं बूट काढून फेकले होते. चेहरा बर्फात. मी विचार केला, घरी काय तोंड दाखवू? म्हणून रडत रडत हा फोटो काढला."

फोटो हातोहात फिरला. पांढऱ्या बर्फानं लगडलेली झाडं, मागं तंबू, पुढं बर्फाच्या ढिगात पालथा माणूस. उशाशी त्याची उंच काठी सरळ रोवलेली. माणसाचे फक्त पाय उघडे होते, आणि डाव्या पायाला बोटं चारच. करंगळी लहानपणी फावड्यानं गेलेली. पाड्यात सगळ्यांना ठाऊक.

येसूबाईनं फोटो मांडीवर घेतला. बराच वेळ बघितला. मग अंगठ्यानं त्या पायांवरून एकदा पुसलं, जसं काही फोटोवर डाग आहे.

"घरच्यांचेच पाय," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि तिनं ते कधी घेतलंही नव्हतं.

थोरला दीर बुधाजी पुढं झाला. "बातमी लांबची, उशिराची. तीन दिवसांचं सुतक. तिसऱ्या दिवशी दुपारी हिच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं."

येसूबाईनं मान वर केली. अंगणात एवढी माणसं; पण तिची नजर थेट धर्माजीवर आली.

"जमादार," ती म्हणाली, "मागं या. एक विचारायचं हाय."

३

घरामागं, रिकाम्या पडवीत ती बोलली. आवाज अगदी शांत.

"तुमी मिठाकडं बघून चोर वळखता. त्या फोटोकडं बघा. मला काहीतरी खुपतंय आन् ते काय हाय ते कळत न्हाय. माजा मानूस मेला असंल तर माज्या हातानं बांगड्या फोडीन. पन मेला नसंल आन् मी फोडल्या, तर मग मी कोन? एकदा विधवा झालेली बाई परत सवाशीण होते का, सांगा?"

धर्माजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. पाय. टाचा. टाचांवर उजेड चकाकत होता, पितळेवर चकाकतो तसा.

"हे काय चमकतंय?"

"उंडीचं तेल. मिठात उतरायच्या आधी चोळतात, पाय चिरू नयेत म्हनून. आमच्या घरच्यांची सवय. मला मेलीला हात लावू देत न्हाईत, गुदगुल्या होतात म्हनं. आपलं आपन चोळून घेतात, बोटाच्या बेचक्यांतसुद्धा." तिच्या तोंडावर हसू येता येता राहिलं. "त्याच्यावरनं तर वळखले मी. बोट कुनाचंबी तुटतं."

धर्माजीनं फोटो मागून घेतला आणि बुधाजीला गाठलं. बुधाजी खळ्याच्या कडेला विडी ओढत होता. भाऊ गेल्याचं दुःख तोंडावर होतं. पण घाईही होती.

"तीनच दिवस का रे, बुधाजी?"

"शास्त्र हाय."

"आणि हिरामणच्या वाट्याची खाचरं तुला, हेबी शास्त्र?"

बुधाजीनं विडी फेकली. "जमादार, तुमी वयानं मोठे म्हनून ऐकून घेतो. घरात मेलेल्या मानसाची वाट बघत बसलेली बाई मी पाह्यली हाय. माजी आय. दर्यावर गेलेल्या बापाची तिनं अकरा वर्सं वाट पाह्यली, आन् रोज दोन ताटं वाढली. येसूचं तसं होऊ देनार न्हाय."

धर्माजी वरमला. विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तिसऱ्या राशीला हात कुणी लावला?"

"रातीला तर चौकीचा पहारा. दिवसा आमी असतो. फक्त दुपारी न्हाय. सावली पायाखाली आली की आमी घरी, भाकरी खाऊन निजतो. त्या टायमाला मिठागरावर कावळाबी नसतो, डोळं दिपतात."

सावली पायाखाली आली की. धर्माजीनं हातातल्या फोटोकडं पुन्हा पाहिलं, आणि त्याच्या पाठीतून गार शिरशिरी गेली. मिठागरावर, वैशाखात!

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्याच्या वाटेवर त्याला केसर कोळीण भेटली. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी, कमरेवर हात.

"काय रं जमादारा, आज सकाळच्या पारी शेठाकडं? शेठ मिठाचा व्यापार कराय लागला का काय?"

"तू का निघालीस तिकडं? तो शेठ तर कांदासुद्धा खात नाही."

केसर इतकी हसली की पाटी डुगडुगली. "सुधारला त्यो! पंधरा-वीस दिस झालं, बंगल्याच्या मागल्या दारात बोंबील ठेवून जायचं, पाटीभर. म्या म्हनलं, बर्फात जाऊन आलेला मानूस, थंडीनं धरम गोठला असंल."

"किती दिवस म्हणालीस?"

"वीस धर. अक्षय तीज झाली, त्याच्यानंतर दोन-चार दिसांनी सुरू झालं."

"कोण घेतं पाटी?"

"कुनी न्हाय. दार बंद. खिडकीतनं शेठ हात दावतो."

"केसर, शेठ परवा रात्री आला मुंबईहून. सगळ्या पाड्याला तसं सांगितलंय त्यानं."

केसरचं हसू जागच्या जागी थांबलं. तिनं पाटी उतरून खाली ठेवली.

"मंग वीस दिस खिडकीतनं हात कुनाचा दिसला मला?"

"हात शेठचाच," धर्माजी म्हणाला. "मला पोटाची काळजी आहे. ते बोंबील कुणाच्या पोटात गेले?"

५

शेठनं त्याला बाहेरच्या व्हरांड्यातच बसवलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं. भिंतीवर टांगलेल्या फोटोंत होड्या होत्या, माड होते. बर्फाचा एकही नव्हता.

"पाच महिने तिकडं आणि फोटो एकच, शेठ?"

शेठचा चेहरा क्षणभर लहान पोरासारखा झाला. "सत्यानाश थई गयो," तो म्हणाला, आणि या वेळी तो खरं बोलत होता. "चोवीस काचा. सगळ्या वाया. काचा बदलताना मी वरून काळं फडकं घ्यायचो, आपल्याकडे घेतो तसं. पण बर्फात उजेड खालून येतो, जमादार! जमिनीतून! फडक्याखालून शिरला आणि सगळ्या काचा करपल्या. कोरा धूर नुसता. आयुष्यात एकदा गेलो तिथे, आणि मला कोण समजणार, गेलो होतो म्हणून?"

"पण हा एक वाचला."

"हा... हा एक वाचला."

"पुढच्या आठवड्यात मुंबईच्या प्रदर्शनात मांडणार म्हणे."

"'बर्फातला सोबती'. नाव ठेवलंय." शेठचे डोळे चकाकले. "देवदारचे फोटो दुसरेही काढतील. पण सोबत्याचा शेवटचा फोटो? तो बघायला लोक रांग लावतील."

धर्माजी उठला. जाता जाता बंगल्याच्या मागून, सुरूच्या झाडांखालून गेला. खाली वाकून त्यानं वाळूत बोट घातलं आणि जिभेवर ठेवलं.

तिसरी रास. वैशाखातला दुसरा आठवडा.

आता कुठून काय झालं ते त्याला कळलं होतं. एकच गोष्ट कळत नव्हती आणि तिच्यापायी रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. फोटो निघाला तेव्हा हिरामण जिवंत होता. पण मेलेल्या सोबत्यावर ज्याचं नाव व्हायचं, तो शेठ जिवंत सोबत्याला किती दिवस जिवंत ठेवील?

६

तिसरा दिवस. दुपार. येसूबाईच्या अंगणात पाटावर ती बसली होती, दोन्ही हात पुढं. हिरव्या बांगड्या. समोर दगड. पाड्यातल्या वयस्क सोनाबाईनं दुसरा दगड हातात घेतला होता. शेठही आला होता, पांढऱ्या कपड्यांत. बुधाजी खांबाला धरून उभा होता.

सोनाबाईचा हात वर गेला.

"थांब!"

धर्माजी धापा टाकत अंगणात शिरला. मिटलेली छत्री त्यानं अंगणाच्या मधोमध जमिनीत रोवली, सरळ.

"शेठ, वेळ काय झाली?"

शेठनं खिशातलं घड्याळ काढलं. "साडेबारा."

"सूर्य डोक्यावर. बघा सगळे. या छत्रीची सावली कुठं आहे?"

सावली नव्हती. छत्रीच्या बुडाशी मूठभर काळा डाग, बस्स.

"हे वैशाखात. पौषात हीच छत्री इथं रोवली तर भर दुपारी हिची सावली जवळजवळ हिच्याएवढी पडते, उत्तरेकडं. मिठागरावर सावलीच तर आपलं घड्याळ. मग कुलू किती उत्तरेला! तिथं पौषात काठीची सावली काठीहून लांब पडायला हवी. शेठ म्हणतात, बरोबर बारा वाजता फोटो काढला." त्यानं फोटो उंच धरला. "उशाशी काठी उभी आहे. सावली दाखवा मला."

फोटो पुन्हा हातोहात फिरला. या खेपेला कुणी रडत नव्हतं.

"हा पौष नव्हे. हा वैशाख आहे. आणि वैशाखात पांढरं शुभ्र, ढीगभर, दिपवणारं असं आपल्याकडं काय असतं? तिसऱ्या राशीत सुरूच्या काड्या सापडल्या मला. बंगल्यामागच्या वाळूत तिसऱ्या राशीचं मीठ सापडलं. झाडांवर मीठ उधळलं, खाली मीठ पसरलं, तंबू ठोकला. दुपारी, कारण तेव्हा आपली माणसं घरी निजलेली असतात. पण दुपारीच सावली पळून जाते, हे शेठच्या ध्यानात आलं नाही. मुंबईत कोण सावली बघतं?"

"खोटं!" शेठ ओरडला. "आणि पाय? ते पाय हिरामणचे आहेत, त्याच्या बायकोनं ओळखले!"

"ओळखले ना. तेलावरून ओळखले." धर्माजी येसूबाईकडं वळला. "बाई, बर्फात जायच्या आधी पायाला तेल लावतात का?"

येसूबाईचे हात अजून पुढंच होते. ते तिनं मागं घेतले.

"न्हाय," ती म्हणाली. "मिठात उतरताना."

"मग तुझा माणूस पौषात मेला नाही. वैशाखात मिठात उतरला. आणि वीस दिवस शाकाहारी शेठच्या बंगल्यात कुणीतरी पाटी पाटी बोंबील खातंय. केसर, काल पाटी नेलीस?"

"नेली," दारातून केसर म्हणाली. "आज सकाळी रिकामी मिळाली."

बुधाजीनं खांब सोडला. कुणी काही बोलायच्या आत सगळा पाडा बंगल्याच्या दिशेनं पळत सुटला. येसूबाई पाटावरून उठली ती अनवाणी, मिठाच्या कोंड्यांच्या बांधावरून, सगळ्यांच्या पुढं.

७

आतल्या खोलीचं दार धर्माजीनं ढकललं. हिरामण होता. खाटेवर बसलेला. जिवंत.

येसूबाई दारात थांबली. आत गेली नाही. धर्माजीनं मात्र आत जाऊन दार लोटून घेतलं, आणि पान खाऊन व्हावं इतका वेळ तो आणि हिरामण दोघंच आत होते. खुंटीला एक नवा कोट होता, खिशात कराचीच्या बोटीचं तिकीट. कोट शेठचाच असणार, जरी त्या बाहीत शेठचे दोन दंड मावले असते.

धर्माजी बाहेर आला. त्यानं एकदा येसूबाईकडं बघितलं, तिच्या हातांकडं बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोंडून ठेवलं होतं याला."

शेठ काहीतरी बोलायला गेला. "अरे हिरामण, तू तर बोल, आपण दोघांनी..." पण बुधाजीचा हात त्याच्या तोंडावर पडला, आणि पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. शेठ त्याच संध्याकाळी मुंबईला गेला, तो परत थळला आलाच नाही. फोटोची काच धर्माजीनं स्वतः फोडली. कागदावरचा फोटो येसूबाईनं ठेवून घेतला. कशाला ते कुणी विचारलं नाही.

"झाली गोष्ट," म्हातारा म्हणाला आणि पाण्याचा तांब्या उचलला. "नवरा घरी, बांगड्या हातात. धर्माजीला चौकीवर बढती."

शेजारी हलले, चुळबुळले. पण खांबाला टेकून बसलेली ठमी, नुकतीच सासरहून माहेरपणाला आलेली शेजाऱ्याची लेक, उठली नाही.

"पन काका, एक कळलं न्हाय मला. हिरामणनं फोटोपुरतं मेल्याचं सोंग कसं काय घेतलं? आपला फोटो बायकोला दावनार, तिच्या बांगड्या फुटनार, हे त्याला उमगलं नसंल?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्याचा तांब्या तोंडाशी थांबला. सुपातले तांदूळही थांबले.

"सोंग?" म्हातारा म्हणाला. "अगं, सोंग कसलं! शेठनं दुधात धोतऱ्याचं बी घातलं होतं. पार बेशुद्ध! हात हलेना, पाय हलेना. तसाच उचलून नेला, मिठात पालथा टाकला, फोटो काढला, परत उचलून आणला. त्या बिचाऱ्याला फोटोचं काही ठाऊकच नव्हतं. ठाऊक असतं तर तो काय आपल्या बायकोला..."

उंबऱ्याशी सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. म्हातारी उठली. सावकाश चालत ओटीवर आली, वाकली, आणि म्हाताऱ्याच्या पायांवरची घोंगडी तिनं एका हातानं बाजूला ओढली. डाव्या पायाला बोटं चारच होती. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

उभ्या जन्मात तिनं त्याला एकेरी हाक मारली नव्हती, की त्याचं नाव घेतलं नव्हतं.

"बेशुद्ध मानूस," येसूबाई म्हणाली, "मिठात उतरायच्या आधी आपल्या हातानं पायाला तेल चोळून घेतो व्हय रं, हिरामण?"